पहिल्या पानावरची नावे

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या डावीकडील खणात एक सायक्लोस्टाइल केलेली संहिता पडून आहे. तिला आता चार दशके होत आली. कागद पिवळा पडला असून कडांना हात लावला की त्यांचा भुगा होतो. समासातील पेन्सिलीची अक्षरे मात्र अजून स्वच्छ वाचता येतात. संहिता माझी आहे, पेन्सिलीची अक्षरे दुसऱ्या कुणाची. या दोहोंत किती अंतर होते हे मला फार उशिरा कळले, आणि जिच्यामुळे कळले ती एक आयरिश नटी १९५० सालीच हे जग सोडून गेली होती. या दोन बायकांची, म्हणजे त्या नटीची आणि पेन्सिलीने लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीची, परस्परांना काहीच माहिती नव्हती. त्यांची गाठ माझ्या एका चुकीत पडली आहे.

१९८६ साली उत्तर भारतातील एका विद्यापीठात मी मराठी शिकवीत होतो. विभाग लहान, एम. ए.चे सात विद्यार्थी. वार्षिक कार्यक्रमात भारतीय भाषांच्या प्रत्येक विभागाने एकेक एकांकिका करावी असे ठरले, तेव्हा मी जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची (हे आडनाव आपल्याकडील 'सिंग'प्रमाणेच उच्चारावयाचे) 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका मराठीत आणली. 'सागराचे स्वार' असे नाव दिले. अॅरन बेटांवरील मॉर्या नावाच्या म्हातारीची ही कथा. सासरा, नवरा आणि चार मुलगे समुद्राने आधीच नेलेले. पाचवा मायकेल बुडाला की नाही याची खात्री दोघी बहिणी त्याच्या मोज्याचे टाके मोजून करून घेतात, आणि सहावा, शेवटचा बार्टली, नाटक संपण्यापूर्वी प्रेत होऊन उंबऱ्याच्या आत येतो. एवढेच घडते. जेमतेम अर्ध्या तासाच्या अवकाशात ग्रीक शोकांतिकेचे वजन या नाटकाने पेलले आहे, असे मी त्या काळी वर्गात सांगत असे, आणि माझे भाषांतरही त्या वजनाला साजेसे व्हावे म्हणून ते भारदस्त केले होते.

मॉर्याची भूमिका जिला दिली ती मुलगी देवगडच्या बाजूची. वडील नौदलात, त्यामुळे शिक्षण गावोगावी झालेले. परंतु सुट्या आजीजवळ, किनाऱ्यावर गेलेल्या. दुसऱ्या की तिसऱ्या तालमीला ती थांबली आणि म्हणाली, "सर, ही बाई अशी बोलायची नाही."

"मग कशी बोलेल?" मी विचारले. जाणून घ्यावे म्हणून तो प्रश्न विचारलेला नव्हता.

तिने तो जाणून घेण्यासाठीच विचारला आहे असे समजून उत्तर दिले. 'सागर' काढून 'दर्या' म्हटले. 'पुत्र' काढून आजीच्या बोलीतला 'झील' हा शब्द घातला. 'शवपेटिकेसाठी आणलेल्या फळ्या' असे मी लिहिले होते; ती नुसते 'फळ्या' म्हणाली. मी हटकले, तेव्हा म्हणाली, "त्या कशासाठी आणल्यात हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, सर. त्याचं नाव कोण घेईल?" शेवटच्या विलापाच्या जागी तर तिने शब्द सोडूनच दिले आणि आमच्याकडे ज्याला हेल काढणे म्हणतात तसा एक सूर लावला. खोलीत इतर सहा जण होते. ते एकदम गप्प झाले. मीही क्षणभर गप्प झालो असावा. मग मी सांगितले की संहिता ही संहिता असते, नटाने ती बोलावयाची असते, लिहावयाची नसते.

प्रयोग निर्विघ्न पार पडला. तिने माझे प्रत्येक वाक्य, प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी म्हटले. प्रेक्षकांत मराठी जाणणारे मोजकेच होते. एका बंगाली सहकाऱ्याने प्रयोगानंतर मला सांगितले की भाषा समजली नाही, पण उच्चार फार शुद्ध वाटले. मी ती प्रशंसा समजलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आपली प्रत परत केली. परीक्षा झाल्यावर ती निघून गेली. प्रत न उघडताच मी खणात टाकली.

निवृत्तीनंतर हे भाषांतर छापावे असा विचार मनात आला, म्हणून मूळ नाटकाची माझी जुनी इंग्रजी प्रत काढली. तिच्या पहिल्या पानावर, डब्लिनच्या मोल्सवर्थ हॉलमध्ये २५ फेब्रुवारी १९०४ रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगाची नटमंडळी दिलेली आहे. चार प्रमुख नावे: मॉर्या ऑनर लॅव्हेल, बार्टली विल्यम फे, थोरली बहीण कॅथलीन सारा ऑलगुड, धाकटी नोरा एम्मा व्हर्नन. १९८६ साली भाषांतर करताना हे पान मी अनावश्यक म्हणून गाळले होते. यांतील एक नाव आता मला ओळखीचे वाटले. जॉन फोर्डने १९४१ साली काढलेला 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' हा चित्रपट मी तरुणपणी पाहिला होता. त्यातील वेल्श खाणकामगाराची बायको, बर्फात टेकडी चढून संपावर गेलेल्या पुरुषांना नवऱ्याच्या बाजूने खडे बोल सुनावणारी ती आई, माझ्या लक्षात राहिली होती. तिचे काम करणारी नटी सारा ऑलगुडच. १९०४ च्या डब्लिनपासून १९४१ च्या कॅलिफोर्नियापर्यंत ही बाई कशी पोहोचली, या कुतूहलातून मी तिच्या मागे लागलो.

सारा ऑलगुड डब्लिनची. वडील छापखान्यात काम करीत. ते लवकर गेले आणि सारा खुर्च्या-कोचांना गाद्या-कापड मढविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागली. १९०० साली मॉड गॉनने 'आयर्लंडच्या कन्या' या अर्थाचे आयरिश नाव असलेली स्त्रियांची राष्ट्रवादी संस्था काढली. तेथील नाट्यवर्गातून सारा फे बंधूंच्या मंडळीत आली. दिवसा पोटापाण्याचा उद्योग आणि रात्री तालीम अशी ही हौशी मंडळी होती. विल्यम फे दिग्दर्शन करी. थोरला फ्रँक फे आवाज घडवी. २७ डिसेंबर १९०४ रोजी अॅबी थिएटर उघडले, त्या रात्री लेडी ग्रेगरीच्या 'स्प्रेडिंग द न्यूज' या प्रहसनात साराने फॅलनच्या बायकोचे काम केले. पुढे मॉर्याची भूमिकाही तिच्याकडे आली आणि ती तिच्या नावाशी कायमची जोडली गेली. तिच्या आवाजाविषयी त्या काळच्या जाणत्यांनी जे लिहिले आहे, त्यात एकमत आहे. येट्सला काव्यनाटकासाठी जो आवाज हवा होता, तो या उमेदवार कारागीर मुलीच्या गळ्यात सापडला.

आपल्याकडील अभ्यासकांना अॅबी थिएटर परके नाही. रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा इंग्रजी प्रयोग १९१३ साली तेथेच झाला. त्या चळवळीच्या आरंभकाळातील कवी-नाटककार जेम्स कझिन्स १९१५ साली अॅनी बेझंट यांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि येथलाच झाला. येट्स आणि रवींद्रनाथ, कझिन्स आणि भारतीय प्रबोधन या विषयांवर आपल्या विद्यापीठांतून कितीतरी लिहिले गेले आहे. मीही एक निबंध लिहिला होता. या सर्व चर्चेत कवी असतात, प्रस्तावना असतात, पत्रव्यवहार असतो. रंगमंचावर उभे राहून ती वाक्ये ज्यांनी उच्चारली, त्यांचा उल्लेख सहसा येत नाही.

सिंग स्वतः मात्र ऐकणारा माणूस होता. १८९८ ते १९०२ या काळात तो पाच वेळा अॅरन बेटांवर जाऊन राहिला. 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'च्या प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की विकलो परगण्यातील एका जुन्या घरात राहत असताना जमिनीच्या तक्तपोशीतील फटीतून खाली स्वयंपाकघरात मोलकरणी काय बोलतात हे तो ऐके, आणि त्याचा त्याला कोणत्याही विद्येपेक्षा अधिक उपयोग झाला. 'रायडर्स'च्या विलापासाठी मंडळीतील नट्यांनी पश्चिम किनाऱ्याकडच्या एका बाईकडून मृताभोवती हेल काढण्याची तिकडची रीत शिकून घेतली, असे नटांच्या आठवणींतून येते. तो सूर नाटककाराने लिहिलेला नव्हता; तो लिहिता येण्याजोगाही नव्हता. हे वाचताना माझ्या तालमीच्या खोलीतली ती शांतता मला आठवली आणि मी पुस्तक मिटले.

२६ जानेवारी १९०७ रोजी 'प्लेबॉय'चा पहिला प्रयोग झाला. त्यात सारा विधवा क्विन होती, तर नायिका पेगीनच्या भूमिकेत तिची धाकटी बहीण मॉली, रंगभूमीवरील नाव मॉयरा ओ'नील. स्त्रीच्या एका अंतर्वस्त्राचा उच्चार होताच प्रेक्षागृहात गोंधळ सुरू झाला आणि पुढे आठवडाभर पोलिसांच्या बंदोबस्तात प्रयोग करावे लागले. छापील पानावरून असा दंगा होत नाही. तो शब्द उच्चारला गेल्यावर होतो, आणि तो झेलायला नट उभे असतात. मॉलीचा सिंगशी विवाह ठरला होता. १९०९ च्या मार्चमध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. त्याने तिला लिहिलेली पत्रे अॅन सॅडलमायर यांनी संपादून १९७१ साली प्रसिद्ध केली. तिने त्याला लिहिलेली पत्रे उरलेली नाहीत. तो संवाद आपण एका बाजूने वाचतो. समोरची बाई फक्त ऐकते आहे असा भास होतो.

साराच्या आयुष्याचे यानंतरचे वळण मला सर्वांत विलक्षण वाटते. 'पेग ओ' माय हार्ट' हे त्या काळचे अतिशय लोकप्रिय सुखान्त नाटक. श्रीमंत इंग्रज नातेवाइकांच्या घरी येऊन पडलेली एक आयरिश पोर हीच त्याची नायिका, आणि तिची सगळी गंमत तिच्या बोलण्यात. ही भूमिका घेऊन सारा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली. १९१६ च्या सप्टेंबरात मेलबर्न येथे तिने नाटकातील प्रमुख नट जेराल्ड हेन्सन याच्याशी लग्न केले. १९१८ च्या जानेवारीत तिला मुलगी झाली. ती तासाभरात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, वेलिंग्टन येथे हेन्सनही गेला. आणि हेच १९१८ साल तिच्या पहिल्या चित्रपटाचेही आहे. 'जस्ट पेगी' नावाचा हा ऑस्ट्रेलियन मूकपट तिच्या रंगभूमीवरील यशाच्या आधारावर काढलेला होता. दिग्दर्शक जे. ए. लिपमन.

मूकपटात पेग! जिचे सर्वस्व बोलीत आहे अशी मुलगी, जिचे सामर्थ्य आवाजात आहे अशी नटी, आणि माध्यम असे की ज्यात दोन दृश्यांच्या मध्ये लेखी पाट्या येतात आणि बाकी सारे निःशब्द. ती मायदेशी असती तर आयर्लंडमधीलच मूकपटात उतरली असती. १९१६ साली स्थापन झालेल्या 'फिल्म कंपनी ऑफ आयर्लंड'मध्ये अॅबीची काही मंडळी होती, आणि तिचा 'नॉकनागाउ' हा १९१८ सालचा मूकपट आजही पाहता येतो. 'जस्ट पेगी' मात्र हरवला आहे. आधी आवाज गेला, मग चित्रही गेले. नाव तेवढे राहिले. ज्या वर्षी तिने मूल आणि नवरा गमावला त्या वर्षीच्या तिच्या चेहऱ्याचे ते चित्रण होते, हा विचार मनातून जात नाही. मॉर्या तिने त्याआधी कितीतरी वेळा केली होती. त्यानंतर ती तिने कशी केली असेल, हे कोणत्याही संहितेच्या समासात लिहिलेले नाही.

ती डब्लिनला परतली. ३ मार्च १९२४ रोजी शॉन ओ'केसीच्या 'जुनो अँड द पेकॉक'मध्ये तिने जुनो बॉइल ही भूमिका केली, आणि ही तिची सर्वश्रेष्ठ भूमिका मानली जाते. यादवी युद्धाच्या काळातील डब्लिनच्या चाळीत राहणारी ही बाई, नवरा बोलघेवडा आणि निरुद्योगी, घर तिच्या एकटीच्या खांद्यावर. दुसऱ्या अंकात शेजारची टँक्रेडबाई मारल्या गेलेल्या आपल्या मुलासाठी विलाप करीत जिना उतरते. जुनो तिला धीराचे चार शब्द ऐकवते आणि आपल्या घरातील गाण्या-बजावण्यात रमते. तिसऱ्या अंकात जुनोचा स्वतःचा मुलगा मारला जातो. तेव्हा ती आठवून म्हणते की त्या बाईसाठी मला तेव्हा पुरेसे वाईट वाटले नसावे, आणि मग तोच विलाप तिच्या तोंडून पुन्हा येतो. ओ'केसीने एकच शोक दोन बायकांच्या कंठी घातला आहे. पहिल्या वेळी ऐकण्यात झालेल्या चुकीची भरपाई दुसऱ्या उच्चारात होते. नाट्यशास्त्राच्या वर्गात मी याला 'पुनरावृत्तीचे तंत्र' म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही.

१९२९ साली तिचा पुन्हा मूकपटाशी संबंध आला, तोही अगदी मूकपट मावळत असताना. आल्फ्रेड हिचकॉकने 'ब्लॅकमेल' मूकपट म्हणून सुरू केला. दरम्यान ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली आणि त्याच चित्रपटाची दोन रूपे झाली, एक बोलके आणि एक मुके. बोलके रूप जूनमध्ये प्रथम दाखविले गेले. मुके रूप नंतर ऑगस्टमध्ये, ज्या चित्रगृहांत ध्वनियंत्रे बसलेली नव्हती त्यांच्यासाठी बाहेर पडले. साराने दोहोंत नायिकेच्या आईचे काम केले आहे. दुकानामागच्या घरात राहणारी साधी, लंडनची गृहिणी. मुक्या रूपाची प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये नव्याने सिद्ध केली. त्यानंतर मला दोन्ही रूपे लागोपाठ पाहता आली.

या चित्रपटाची नायिका अॅनी ओंड्रा हिच्या इंग्रजीवर परकी छटा होती. लंडनच्या दुकानदाराच्या मुलीला ती शोभेना. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी नावाची दुसरी नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून वाक्ये बोले आणि ओंड्रा त्याच वेळी ओठ हलवी. ओठ एकीचे, आवाज दुसरीचा. चित्रपटाच्या इतिहासात ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना गंमत वाटली नाही. १९८६ साली विद्यापीठाच्या त्या रंगमंचावर देवगडची एक मुलगी ओठ हलवीत होती आणि पडद्याआड उभा राहून बोलत होतो तो मी. उच्चार शुद्ध होते यात नवल नाही.

मुके रूप पाहायला बसलो तेव्हा मनात एक सिद्धान्त तयार होता: हिचा आवाज काढून घेतल्यावर उरणार ते कलेवर. चित्रपटाने तो सिद्धान्त मोडला. रात्री एका पुरुषाच्या हल्ल्यापासून स्वतःला वाचविताना मुलीच्या हातून त्याचा खून झाला आहे. पहाटे ती गुपचूप घरी येऊन अंथरुणात शिरली आहे. सकाळी आई खोलीत येते, पक्ष्याच्या पिंजऱ्यावरील आच्छादन काढते आणि आपल्या रोजच्या लगबगीत असते. बोलक्या रूपात पक्ष्याची किलबिल सगळी खोली व्यापून टाकते. मुक्या रूपात आच्छादन निघते आणि काहीच ऐकू येत नाही. दिसतो तो आईचा हात, आणि आपल्या मुलीला रात्री काय झाले आहे याची जिला कल्पना नाही असा तिचा निर्धास्त चेहरा. साराने येथे हातवारे केलेले नाहीत, डोळे मोठे केलेले नाहीत. फे बंधूंच्या मंडळीचा एक दंडक होता: जो बोलत असेल त्यानेच हालचाल करावी, इतरांनी निश्चल राहून ऐकावे. पंचवीस वर्षे रंगमंचावर ऐकत उभे राहण्याची सवय जिच्या अंगात मुरलेली होती, तिला मूकपटाचे भय वाटण्याचे कारण नव्हते. ज्या आवाजाची एवढी ख्याती झाली, तो या ऐकण्यातून घडला होता. फ्रँक फेचे ऐकले, पश्चिमेकडच्या त्या अनाम बाईचे ऐकले, डब्लिनच्या गल्ल्यांचे ऐकले. तोंडातून निघाला तो त्याचा शेवटचा भाग.

पुढचा भाग त्या मानाने सरळ आहे. १९३० मध्ये हिचकॉकनेच 'जुनो'चा बोलपट काढला. त्यात सारा जुनो आहे आणि मॉलीही शेजारीण मॅडिगनबाई म्हणून आहे. जुनोचा विलाप आज आपण ऐकू शकतो तो या चित्रपटामुळे. १९३५ मध्ये ब्रायन डेस्मंड हर्स्टने कॉनेमाराच्या किनाऱ्यावर 'रायडर्स टू द सी' चित्रित केला. पैसा ग्रेसी फील्ड्स या लोकप्रिय इंग्रज गायिकेने दिला, आणि मॉर्या अर्थात साराने केली. १९४० साली ती हॉलिवुडला गेली. फोर्डच्या चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाकरिता तिचे नामांकन झाले. पारितोषिक मेरी अॅस्टरला मिळाले. त्यानंतर तिच्या वाट्याला आल्या त्या बहुधा दुय्यम भूमिका: 'जेन एअर'मधील बेसी, १९४४ च्या 'द लॉजर'मधील घरमालकीण. तिने १९४५ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १३ सप्टेंबर १९५० रोजी कॅलिफोर्नियात वुडलंड हिल्स येथे ती वारली. दहा महिन्यांनी, १९५१ च्या जुलैत, अॅबी थिएटर आगीत जळाले.

एवढे सारे वाचून-पाहून झाल्यावर एका संध्याकाळी मी खण उघडला आणि त्या मुलीने परत केलेली प्रत प्रथमच नीट वाचली. मला वाटले होते त्याहून पेन्सिलीच्या खुणा पुष्कळ होत्या. तिने कोठे वाद घातलेला नाही. माझ्या शब्दावर काट मारलेली नाही. शेजारी समासात आपला शब्द लिहिला आहे, आणि तोही बारीक अक्षरात, जणू पुढे कधी सर विचारतील तेव्हा सापडावा म्हणून. दोन ठिकाणी नुसती उभी रेघ आहे. तेथे थांबावयाचे असावे. विलापाच्या जागी मी लिहिलेल्या चार ओळींच्या बाजूला तिने एक कंस काढून आत 'आजी' एवढेच लिहिले आहे. तो सूर तिला कोठून मिळाला हे तिने नोंदवून ठेवले होते. इतकी वर्षे तो कागद माझ्या हाताशी असून मी उलटून पाहिला नव्हता.

आपण भाषा-साहित्याचे अभ्यासक संहितेची काळजी फार घेतो. पाठभेद तपासतो, प्रत कोणती विश्वसनीय याची छाननी करतो, लेखकाच्या हाताची दुरुस्ती आणि लेखनिकाची दुरुस्ती यांत भेद करतो. ते करावेच. परंतु नाटकाच्या बाबतीत, आणि ज्या देशात बहुतेक वाङ्मय शतकानुशतके गळ्यातून गळ्यात गेले त्या देशात तर विशेषच, उच्चारणारा हाही पाठाचा एक कर्ता असतो. सारा ऑलगुडने सिंगची एकही ओळ लिहिलेली नाही. तरी मॉर्या आज आपल्याला जशी ऐकू येते, त्यात तिचा वाटा किती आणि सिंगचा किती, हे वेगळे काढून दाखविणे मला शक्य नाही. माझ्या विद्यार्थिनीने मात्र ओळी लिहिल्याही होत्या. तिच्या बाबतीत मला तीही सबब नाही.

भाषांतर मी पुन्हा केले आहे. 'दर्या' आता दर्या आहे, 'झील' हा झील आहे आणि फळ्या नुसत्या फळ्या आहेत. विलापाच्या जागेवरील माझ्या चार ओळी काढल्या असून तेथे कोरी जागा सोडली आहे. जी कुणी हे नाटक करील तिने ती आपल्या आजीला विचारून भरावी. पहिल्या पानावर १९०४ च्या प्रयोगातील चारही नावे घातली आहेत. त्यांखाली भाषांतरकार म्हणून माझे नाव यावयाचे, आणि माझ्या नावाच्या आधी तिचे.

ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिला अद्याप विचारलेले नाही, आणि न विचारता तिच्या वतीने बोलण्याचे काम माझ्या हातून एकदा झाले आहे. तिचा पत्ता मिळविला असून पत्र टाकले आहे. त्यात मी फार काही लिहिले नाही. समासातील एक शब्द मला नीट लागत नाही, तो काय आहे, एवढे विचारले आहे.